काळ्या कातळाखालचा रेटा

भूकंपावरील पुस्तक उघडले की पहिल्या दहा पानांत जगाचा एक नकाशा भेटतोच. त्यात भूपट्टांच्या सीमा जाड रेघांनी काढलेल्या असतात आणि त्या रेघांवर भूकंपांचे ठिपके दाटीवाटीने बसलेले असतात. जपान, चिली, तुर्कस्तान, इंडोनेशिया आणि आपल्याकडे हिमालयाची कड. दख्खनचे पठार त्या नकाशात जवळजवळ कोरे असते. पंढरपूर, बार्शी, लातूर अशा गावचा वाचक आपले घर त्या कोऱ्या भागात बघतो, हुश्श करतो आणि उरलेले पुस्तक परमुलखाचे वर्णन म्हणून वाचतो. हे पुस्तक त्या कोऱ्या जागेपासून सुरू होते. पंढरपूर मध्ये धरून नकाशावर पट्टी ठेवली तर पश्चिमेला सुमारे १७० किलोमीटरवर कोयनानगर येते आणि पूर्वेला दीडशे किलोमीटरच्या आत किल्लारी. उपकरणांनी भूकंप मोजले जाऊ लागल्यापासून महाराष्ट्रात झालेले सर्वांत मोठे दोन भूकंप याच दोन गावांच्या नावाने ओळखले जातात : ११ डिसेंबर १९६७ आणि ३० सप्टेंबर १९९३. दोन्ही पहाटेचे, दोन्ही सहाच्या वरचे. भूपट्टाची धोक्याची सीमा, म्हणजे हिमालयाचा पायथा, इथून तेराशे किलोमीटरच्या आसपास दूर आहे. नकाशातली रेघ एकीकडे आणि माणसे मेली ती दुसरीकडे, असे का झाले? माझे म्हणणे असे आहे की सीमेवरचा आणि पठारावरचा भूकंप एकाच रेट्यातून येतात. त्यांच्यात खरा फरक आहे तो दोन भूकंपांमधल्या काळाचा. सीमेवर हा काळ माणसाच्या आठवणीत, निदान बखरीत आणि शिलालेखात मावतो. पठारावर तो कशातच मावत नाही. म्हणून पठारावर राहणाऱ्याने प्रस्तरभंगाचा, म्हणजे खडकातल्या सरकत्या भेगेचा, शोध जरूर चालू ठेवावा, पण भरवसा ठेवायचा तो भिंतीवर.

हा रेटा पर्वत कसा घडवतो याचा पुरावा पाहण्यासाठी पंढरपूरकराला हिमालय गाठावा लागत नाही. तो पुष्कळांच्या देवघरात असतो. शाळिग्राम काळा, गुळगुळीत, मुठीत मावणारा असतो. त्याला छिद्र असेल किंवा तो मध्ये फुटलेला असेल तर आत चक्र दिसते. ते चक्र नीट पाहिले तर बाहेरून आत लहान होत गेलेली वेटोळी दिसतात आणि प्रत्येक वेटोळ्यावर आडवे, समान अंतरावरचे कंगोरे असतात. अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याच्या शंखाचा हा ठसा. हा प्राणी खाऱ्या पाण्यात राहत असे, आणि त्याचे हे ठसे सापडतात नेपाळात गंडकीच्या पात्रात, मुक्तिनाथच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरहून उंच. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळावरचा चिखल तिथे डोंगर होऊन उभा आहे. तो समुद्र म्हणजे टेथिस. भारत आणि आशिया यांच्यामधला. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला, एका काळात तर वर्षाला पंधरा सेंटिमीटरपेक्षा अधिक वेगाने, आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. वेग उतरला, पण सरकणे थांबले नाही. मधला समुद्र आटला, त्याचा तळ चुरगळला, घड्या पडल्या, एका थरावर दुसरा चढला. जाता जाता एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. अमोनाइट जगातून नाहीसे झाले ते सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, म्हणजे दख्खनचा लाव्हा वाहत होता त्याच काळात. देवघरातला शाळिग्राम आणि देवळाच्या पायरीचा काळा दगड यांची अशी ओझरती गाठ पडते. तिच्यावरून कार्यकारणाचा इमला उभारायची घाई मात्र नको, कारण त्याच सुमारास मेक्सिकोच्या किनाऱ्यावर एक प्रचंड अशनीही येऊन आदळला होता.

आज भारतीय भूपट्ट ईशान्येकडे वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर सरकतो. त्यातले सुमारे दोन सेंटिमीटर हिमालयाच्या पट्ट्यात जिरतात. बाकीचे तिबेट आणि त्यापलीकडची भूमी वाटून घेते. दोन सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण हिशेब करून पाहावा. हिमालयाखालचा मोठा प्रस्तरभंग, ज्याच्यावरून भारताची कड तिबेटच्या खाली शिरते, वरच्या भागात घट्ट अडकलेला असतो. शंभर वर्षे तो तसाच अडकून राहिला तर दोन मीटरची थकबाकी साचते. ती एका मिनिटात फिटली की आठच्या आसपासचा भूकंप होतो. १९०५ चा कांगडा, १९३४ चा बिहार-नेपाळ, १९५० चा आसाम, २०१५ चा नेपाळ ही अशा फेडीची अलीकडची उदाहरणे. पर्वताची वाढ आणि भूकंप या इथे दोन वेगळ्या घटना उरतच नाहीत. २५ एप्रिल २०१५ रोजी काठमांडूच्या परिसरातली जमीन सुमारे एक मीटर वर उचलली गेली, तर तिच्या उत्तरेची उंच शिखरांची रांग काहीशी खाली बसली. हे उलटेच झाले असे प्रथम वाटते. पण अडकलेल्या काळात उत्तरेचा भाग दाबाखाली फुगत असतो. अडक सुटली की तो सैल पडतो आणि पुढचा, दक्षिणेकडचा भाग पुढे सरकून वर येतो. अशा हजारो खेपांची गोळाबेरीज, वजा नद्यांनी वाहून नेलेली माती, म्हणजे आजचा हिमालय. सीमेवरचा भूकंप भयंकर असला तरी समजायला तुलनेने सोपा असतो, याचे कारण हे. रेटा किती, अडक कुठे, मागची फेड कधी झाली, या तिन्ही गोष्टींचा अंदाज बांधता येतो. तारीख सांगता येत नाही, पण दारात देणेकरी उभा आहे एवढे नक्की सांगता येते.

आता सह्याद्रीकडे यावे, कारण इथे एक गैरसमज मूळ धरून बसला आहे. पर्वत म्हटला की तो टकरीतून उठला असणार, असे शाळेपासून मनावर ठसते. सह्याद्री तसा नाही. घाटमाथ्यावरून कोकणात पाहताना जो हजारभर मीटरचा कडा दिसतो, ती लाव्ह्याच्या पठाराची झिजत मागे हटलेली कड आहे. पश्चिमेला एकेकाळी जमीन होती. आधी मादागास्कर आणि नंतर लाव्ह्याच्या काळाच्या शेवटाकडे सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटा झाला, मधे अरबी समुद्र आला आणि उरलेले पठार पूर्वेकडे कललेले राहिले. भीमा याची साक्ष आहे. तिचा उगम भीमाशंकरला, जिथून पश्चिमेचा समुद्र शंभर किलोमीटरसुद्धा नाही. तरीही ती पूर्वेला वळते, पंढरपूरला चंद्रकोरीसारखी वळून चंद्रभागा म्हणवून घेते, रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि अखेर बंगालच्या उपसागरात जाते. या पठारावर लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले आहेत आणि त्यांची जाडी पूर्वेकडे उतरत जाते. कोयनेजवळ वेधनलिका टाकली तेव्हा बेसाल्टचा थर सुमारे ९३० मीटर निघाला. किल्लारीला भूकंपानंतर खोदले तेव्हा तो ३३८ मीटरवर संपला. खाली आठ मीटर जुना गाळ आणि त्याखाली अब्जावधी वर्षांचे स्फटिकी खडक लागले. पंढरपूरच्या पायाखालची काळी चादर या दोन आकड्यांच्या दरम्यानची असणार. चादर हा शब्द मुद्दाम वापरतो आहे. भूकंप घडतात ते पाच-दहा किलोमीटर खोल, आणि आपला अभेद्य काळा कातळ त्या खोलीच्या मानाने वरचे पांघरूण आहे. त्या पांघरुणाखाली काय आहे, कुठे जुनी भेग आहे, हे वरून दिसत नाही.

भूपट्ट अखंड आणि ताठ असतो असे म्हणायचे आणि त्याच्या पोटात भूकंप होतात असेही म्हणायचे, यात विसंगती नाही का, असा आक्षेप चांगल्या विद्यार्थ्याने घेतला पाहिजे. उत्तर असे की ताठपणा हा सोयीसाठी मानलेला गुण आहे. हिंदी महासागरातल्या कण्यावर नवा समुद्रतळ तयार होतो आणि तो भूपट्टाला मागून रेटतो. पुढे हिमालय आणि तिबेट त्याला अडवतात. मधली सगळी भूमी या दोहोंत दाबली जाते. चाके चिखलात रुतली आहेत आणि मागून माणसे ढकलत आहेत अशा बैलगाडीत कुरकुर ऐकू येते ती साटीच्या जुन्या, सैल सांध्यांतून. भूपट्टाचेही तसेच आहे. भारताच्या पोटात असे जुने सांधे पुष्कळ आहेत : कच्छ, नर्मदा-शोण खोरे, गोदावरीचे खोरे. २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप नर्मदेच्या सांध्यावरचा, तर २६ जानेवारी २००१ चा भूजचा कच्छच्या जुन्या खचदरीतला. दख्खनवर लाव्ह्याने हे सांधे झाकून टाकले, म्हणून ते गुरुत्वाकर्षणाच्या बारीक फरकांवरून ताडावे लागतात. अशाच मोजणीवरून कृष्ण ब्रह्मम आणि नेगी या अभ्यासकांनी १९७३ मध्ये लाव्ह्याखाली दोन खचदऱ्या असाव्यात असे मांडले : एक कोयनेची, दुसरी कुर्डुवाडीची. कुर्डुवाडी म्हणजे जुने बार्शी रोड स्टेशन, जिथून बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी एका अंगाने पंढरपूरला, दुसऱ्या अंगाने बार्शी-लातूरला जात असे; वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या त्या डब्यांतून पंढरीला आल्या. त्या रुळांखाली खोल कुठेतरी वायव्य-आग्नेय दिशेची एक दुर्बल रेषा आहे, एवढे बऱ्याच अभ्यासकांना मान्य आहे. ती खरोखर खचदरी आहे का, यावर एकमत नाही. आणि त्या रेषेवर उद्या भूकंप होईल असे म्हणायला काहीही आधार नाही. हे वाक्य मी ठळकपणे लिहितो, कारण आपल्याकडे ‘भेग सापडली’ एवढ्या बातमीवर जमिनीचे भाव पडतात आणि अफवांना पाय फुटतात.

किल्लारीकडे आता थोडे थांबून पाहू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, गणेश विसर्जन करून दमून झोपलेल्या गावांवर तो आला. त्या दिवशी देशाच्या भूकंप-नकाशात लातूर परिसर पहिल्या परिमंडलात, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे मेली आणि बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जपानात अशा भूकंपाची बातमी संध्याकाळपर्यंत जुनी होते. किल्लारीजवळच्या शेतांत जमीन उचलली जाऊन लहानसा बांध तयार झाला, तोही तुटक, जेमतेम एखाद-दोन किलोमीटरचा. एक पावसाळा गेला, नांगर फिरला की ओळखू येऊ नये असा. अभ्यासकांनी जमिनीचा हलण्याचा कल तपासला तेव्हा तो भूपट्टाच्या रेट्याशी जुळणारा निघाला : नैऋत्य-ईशान्य दिशेने दाबलेली भूमी, आणि त्या दाबाला आडवी असलेली जुनी भेग, जिचा एक काठ दुसऱ्यावर चढला. म्हणजे हिमालयात जे भव्य प्रमाणावर चालते तेच किल्लारीजवळ तेरणा नदीच्या काठी अगदी लहान प्रमाणावर घडले. भेगेच्या दोन्ही बाजूंना खोदलेल्या वेधनलिकांमध्ये लाव्ह्याचे थर जुळवून पाहिले असता ते एकमेकांपासून कित्येक मीटर सरकलेले आढळले. १९९३ च्या एका धक्क्यात एवढे सरकणे शक्य नव्हते. ही भेग पूर्वीही हलली होती. तिथून वायव्येला तेरणेच्याच काठी, गोरोबाकाकांच्या तेर गावात, नदीच्या दरडींतल्या गाळाच्या थरांतही फार जुन्या भूकंपाच्या म्हणाव्यात अशा खुणा नोंदल्या गेल्या. ज्या पट्ट्यात कधीच काही झाले नाही असे आपण समजत होतो, तिथे ते झाले होते. फक्त सांगायला कोणी उरले नव्हते.

यावर पंढरपुरातून हमखास येणारा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. विठ्ठलमंदिर शेकडो वर्षे उभे आहे. तिथला चौऱ्यांशीचा शिलालेख शके ११९५ ते ११९९ चा, म्हणजे साडेसातशे वर्षांचा. भूकंप यायचा असता तर एव्हाना आला नसता का? हा पुरावा खोटा नाही, तो अपुरा आहे. हिमालयात वर्षाला दोन सेंटिमीटर रेटा जिरतो, म्हणून दोन मीटरची थकबाकी शंभर वर्षांत साचते. पठाराच्या पोटात एखाद्या भेगेवर वर्षाला एक दशांश मिलिमीटर साचत असेल असे उदाहरणादाखल धरा. एक मीटर साचायला दहा हजार वर्षे लागतात. दहा हजार वर्षांच्या फेऱ्यात साडेसातशे वर्षे शांत गेली, यावरून भेग मेलेली आहे हे सिद्ध होत नाही आणि जिवंत आहे हेही होत नाही. ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीक नावाच्या ओसाड भागात २२ जानेवारी १९८८ रोजी एकाच दिवसात सहाच्या वरचे तीन भूकंप झाले. तिथेही जमीन ‘स्थिर’ म्हणूनच ओळखली जात होती. ‘सक्रिय प्रस्तरभंग’ अशी यादी करून बाकीची जमीन बिनघोर मानायची ही पद्धत सीमेवर बऱ्यापैकी चालते. पठारावर ती दगा देते. इथे यादीत नसलेली भेगच हलण्याची शक्यता जास्त, कारण यादी करण्याइतका काळ आपण पाहिलेलाच नाही.

दुसरा आक्षेप धरणांचा. कोयनेचा भूकंप धरणाने आणला, मग उजनीचे काय, असे लोक विचारतात, आणि यात उपहास नसतो, काळजी असते. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी साठू लागले आणि लगेच परिसरात धक्के सुरू झाले. १९६७ च्या मोठ्या धक्क्यात पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. पुढे वारणेचा जलाशय भरला तेव्हा धक्क्यांचा पट्टा त्या बाजूला पसरला. पाचच्या वरचे वीसहून अधिक भूकंप साधारण तीस बाय वीस किलोमीटरच्या टापूत झाले. पाण्याची पातळी आणि धक्क्यांचे प्रमाण यांचा संबंध आता जगभर मान्य आहे, आणि कारण उलगडण्यासाठी कराडच्या प्रयोगशाळेने गोठणे येथे तीन किलोमीटर खोल वेधनलिका उतरवली आहे. परंतु पाण्याने काय केले हे नेमके समजून घ्यावे. साठ्याचा भार आणि भेगेत झिरपलेल्या पाण्याचा दाब यांनी आधीच ताणाखाली आलेली अडक लवकर सोडवली. ताण पाण्याने निर्माण केला नाही. तो त्याच रेट्याचा. जगात हजारो मोठी धरणे आहेत आणि त्यांतल्या फार थोड्यांनी असे केले. १९८० पासून भरणारा उजनीचा विस्तीर्ण जलाशय आपल्या शेजारी आहे, आणि कोयनेसारखी धक्क्यांची मालिका तिथे उद्भवलेली नाही. किल्लारीनंतरही माकणीच्या निम्न तेरणा धरणाकडे काहींनी बोट दाखवले होते. तो वाद निर्विवाद मिटलेला नाही. माझे मत असे की धरणाला आरोपी केले की आपली सुटका होते. मग घर कसे बांधले होते हे कोणी विचारत नाही.

भाकिताबद्दल मला थोडक्यात आटपायचे आहे. किल्लारीला १९९२ च्या उत्तरार्धात धक्क्यांची मालिका येऊन गेली होती, त्यातला ऑक्टोबरचा धक्का बऱ्यापैकी मोठा होता. मग शास्त्रज्ञांना कळले कसे नाही, हा संताप स्वाभाविक आहे. पण पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची रांग लागली आणि तिच्यामागून मोठा भूकंप आला नाही. आधीची मालिका आणि ही मालिका यांत फरक ओळखण्याची कसोटी आज कोणाकडेच नाही. चीनने फेब्रुवारी १९७५ मध्ये हायचंग शहर वेळीच रिकामे करून जग थक्क केले, आणि पुढच्याच वर्षी जुलैत तांगशानमध्ये कोणत्याही इशाऱ्याविना अधिकृत आकड्यानुसार दोन लाख चाळीस हजारांहून अधिक माणसे मेली. सध्या एवढेच धरून चालावे.

राहिला सर्वांत वजनदार आक्षेप : हजारो वर्षांनी एकदा येणाऱ्या संकटासाठी आज पैसा का घालावा? पंढरपूरला भीमेचा पूर दर काही वर्षांनी येतो, वारीत गर्दीचे नियोजन हा दरसालचा प्रश्न आहे; आधी ते. हे खरेच आहे, आणि भूकंपाचा बागुलबुवा करून पुराचा निधी वळवावा असे मी कधीच म्हणणार नाही. पण इथे निवड एकाची किंवा दुसऱ्याची नाही. किल्लारीत माणसांना भूकंपाने मारले नाही, भिंतींनी मारले. दोन बाजूंना ओबडधोबड दगड, मधे चिखल आणि कपच्या, दोन-अडीच फूट जाडीची भिंत आणि वर उन्हापासून बचाव म्हणून पिढ्यानुपिढ्या थर चढवत नेलेले मातीचे माळवद. भिंतीच्या दोन्ही पडद्यांना आरपार बांधणारा लांब दगड नसेल तर हादऱ्याने बाहेरचा पडदा बाहेर पडतो, आतला आत, आणि माळवद झोपलेल्यांवर. ज्या घरांत लाकडी खांब-तुळयांच्या खणांनी छताचा भार स्वतंत्रपणे पेलला होता, त्यांतल्या काहींत भिंती ढासळूनही छत उभे राहिले. भूजचा धडा वेगळा आणि आजच्या पंढरपूरला जास्त लागू आहे. केंद्रापासून सव्वादोनशे किलोमीटरपेक्षा दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळून शेकडो लोक मेले. त्यांतल्या अनेकांचा तळमजला गाड्यांसाठी मोकळा ठेवलेला होता : वर भिंतींनी भरलेले जड मजले, खाली नुसते खांब. शिवाय नदीकाठचा मऊ गाळ हादरा वाढवतो. मेक्सिको शहर १९८५ मध्ये साडेतीनशे किलोमीटरहून दूरच्या भूकंपाने हादरले ते जुन्या तळ्याच्या गाळावर वसल्यामुळे. भीमाकाठी जुने वाडे, मठ, धर्मशाळा आहेत आणि गेल्या काही दशकांत खाली गाळे किंवा पार्किंग आणि वर खोल्या अशा लॉजची भर पडली आहे. आषाढी एकादशीच्या रात्री या छतांखाली किती माणसे झोपतात हे शहराच्या जनगणनेतून कळत नाही. हजारो वर्षांत एकदा येणारा धक्का त्याच रात्री येईल असे कोणी म्हणत नाही. पण वर्षातून चार वाऱ्या आहेत आणि इमारत पन्नास-साठ वर्षे उभी राहणार आहे, हे गणित जोखीम मोजणाऱ्याला टाळता येत नाही.

खर्चाचे म्हणाल तर नव्या घरात तो किती लहान असतो ते पाहायला सेंट्रिंग चालू असलेल्या साइटवर पाच मिनिटे उभे राहावे. खांबाच्या उभ्या सळयांभोवती रिंगा बांधतात. रिंगेची दोन टोके काटकोनात वाकवून सोडली तर हादऱ्यात वरचे काँक्रीट सुटते, रिंग उघडते आणि सळया फुगून बाहेर येतात. तीच टोके आणखी आत, खांबाच्या गाभ्याकडे वळवली की रिंग धरून राहते. फिटरचा हात जरा जास्त फिरतो, लोखंड काही बोटे जास्त लागते. भिंतीच्या घरात जोत्यावर, लिंटेलला आणि छताखाली सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा आणि कोपऱ्यांत उभी सळई, एवढ्यावर पुष्कळ निभावते. जुन्या वाड्याला हे जमत नाही, पण माळवदाची माती उतरवून त्याचा भार हलका करता येतो. किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचे असे उपाय शिकवले गेले. पुढे ते विसरलेही गेले, कारण आठवण करून द्यायला भूकंप आला नाही. २००२ मध्ये देशाचा भूकंप-नकाशा सुधारला, पहिले परिमंडल काढून टाकले आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या परिमंडलात आला. त्या नकाशासोबतच्या शहरांच्या यादीत सोलापूरसमोरही तीनचाच आकडा होता. नकाशा आपली चूक दुरुस्त करू शकला, कारण तो कागदावर होता.

पुढची प्रकरणे हिमालयापासून सुरू होऊन भीमेच्या खोऱ्यात उतरतात, कारण रेटा तिकडूनच समजतो. ज्यांचे घर सध्या बांधून होत आहे त्यांनी हा क्रम पाळू नये. त्यांनी शेवटचे, भिंती आणि खांबांवरचे प्रकरण आधी वाचावे, स्लॅब पडायच्या आत साइटवर जाऊन रिंगांची टोके कुठे वळली आहेत ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, चुकली असतील तर फिटरला पुन्हा वळवायला लावावीत, आणि मग निवांतपणे पहिल्या पानाकडे यावे.